दोन रेघा वर

रत्नागिरीच्या जेटीवर मासे विकणाऱ्या आवडाबाईंनी आजवर कुणाला नुसता वाटा दिलेला नाही. गिऱ्हाईक कितीही चिकट असो, वाट्यावर दोन मांदेली जास्तीची पडणारच. माप दिलं की वर टाकायचं, हे सासूने शिकवलेलं. जन्मभर सासूशी भांडल्या, पण तिची ही एक गोष्ट मात्र त्यांनी ऐकली.

बारा वर्षांपूर्वी एका संशोधन संस्थेने जेटीच्या खांबावर पाण्याची उंची मोजायची पट्टी रंगवली, दर दोन सेंटिमीटरला एक रेघ. रोज ती वाचून वहीत लिहायला माणूस हवा होता. आवडाबाईंची टोपली त्याच खांबाला टेकलेली, त्यात बाई चौथी पास, तेव्हा काम त्यांच्याच गळ्यात पडलं. त्यांनी ते असं अंगाला लावून घेतलं की विचारू नका. लेकीच्या लग्नादिवशीसुद्धा मांडव सोडून पाणी वाचायला आल्या होत्या.

गेल्या वर्षी संस्थेची इंजिनिअर निशिगंधा आली. आता कपाटाएवढे छोटे उपग्रह वरून समुद्रावर रडारची लहर सोडतात, ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाण्याची उंची कळते, असं तिने समजावलं. उपग्रह ज्या मिनिटाला रत्नागिरीवरून जाईल, त्याच मिनिटाला पट्टी वाचायची, म्हणजे दोन्ही आकडे ताडून बघता येतील.

"म्हंजे तो वरून बघनार नि मी खालून," म्हणत आवडाबाई खूश झाल्या.

दिवाळीनंतर निशिगंधा पुन्हा आली ती पडलेल्या चेहऱ्याने. "मावशी, बाकी बंदरांचे आकडे उपग्रहाशी जुळतात. तुमचेच दरवेळी चार सेंटिमीटर जास्त येतात. साहेब म्हणतात, या वह्या बाद करा. बाराही वर्षांच्या."

आवडाबाईंचा एवढा अपमान कुणी केला नव्हता.

"मी खोटा लिवते काय गो बाय?"

"तसं नाही. आत्ता एकदा वाचून दाखवा."

आवडाबाईंनी वाकून पाहिलं आणि वहीत एकशे ब्याऐंशी लिहिलं. निशिगंधाही वाकली.

"पाणी तर एकशे अठ्ठ्याहत्तरवर आहे, मावशी."

"ता दिसताय मला. पन लिवताना दोन रेघा वर नको? जल्मभर दर्याकडून घेतलाय, त्याला काय नुसता माप देऊ?"

"दरवेळी दोनच रेघा?"

"दोनच. मापात खोट नाय करत मी."

निशिगंधा जेटीवरच बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. बारा वर्षांत ही चूक एका रेघेनेही इकडची तिकडे झाली नव्हती. प्रत्येक आकड्यातून चार वजा केले की काम भागत होतं. तिने साहेबांना तिथूनच फोन लावला, आणि वह्या बाद होता होता वाचल्या. फक्त यापुढे आहे तेवढंच लिहायचं, असं तिने बजावलं. आवडाबाईंनी मान डोलावली. त्या दिवशी त्यांनी जेटीवरच्या प्रत्येकाला ही हकिकत ऐकवली.

पुढच्या खेपेला उपग्रह गेला तेव्हा पाणी एकशे चौसष्टवर होतं. आवडाबाईंनी एकशे चौसष्ट लिहिलं. पेन जरा वेळ तसंच धरून बसल्या. मग वही मिटली, टोपलीतली दोन मांदेली उचलून खांबापाशी पाण्यात सोडली आणि गिऱ्हाईकाकडे वळल्या.