वर शिवण, खाली रंधा

गुरुवारी दुपारचे शेवटचे दोन तास हस्तकलेचे. घंटा झाली की शाळेचे दोन भाग व्हायचे. मुलगे जिना उतरून तळघरातल्या सुतारवर्गात, मुली जिना चढून शिवणवर्गात. हे कुणी कधी ठरवलं कोण जाणे. वेळापत्रकात तसं छापलेलं होतं, आणि छापलेल्यावर वाद कोण घालणार!

वरचा वर्ग शिवणबाईंचा. उंच खिडक्या, अकरा मशिनं, चिंध्यांची एक मोठी टोपली. दुपारचं ऊन तिरपं होऊन कापडांवर यायचं, मशिनांची घरघर मंदावायची, मुलींच्या पापण्या जडावायच्या. बाईही टाका घालता घालता भलतीकडेच निघून जायच्या. तिथे कुणी न बांधलेली घरं असायची. त्या घरांतून त्या सावकाश हिंडायच्या, दारं कशी उघडतात ते बघायच्या, एखादं कपाट मनातच दोन बोटं डावीकडे सरकवायच्या. मग कुणीतरी हाक मारायचं, "बाई, दोरा तुटला!" की त्या परत यायच्या.

त्यांचे वडील सुतार. थोरल्या भावाला, दादाला, त्यांनी हौसेने तंत्रशाळेत घातलं. दादाला लाकडाचं वावडं. घरी काढायला दिलेल्या आकृत्या त्याच्यापुढे कोऱ्याच पडायच्या. बाई तेव्हा बारा वर्षांच्या. जमिनीवर पालथं पडून त्या आकृत्या काढून द्यायच्या. खुर्ची समोरून, खुर्ची बाजूने, खुर्ची मधोमध चिरून. दादाला पैकीच्या पैकी! वडिलांनी त्यातली एक चौकटीत बसवून दुकानात टांगली. येईल त्या गिऱ्हाइकाला म्हणायचे, "आमच्या पोराचं काम." बाई शेजारीच उभ्या असायच्या. एकदा धीर करून म्हणाल्या, "बाबा, मलाही घाला ना त्या शाळेत." वडील मायाळू होते. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी शिवणाचा नवाकोरा डबा आणून दिला.

बाई एक्कावन्न वर्षांच्या झाल्या त्या साली तळघरातला नळ फुटला आणि सुतारवर्गात गुडघाभर पाणी झालं. हेडमास्तर म्हणाले, "दुरुस्ती होईपर्यंत दोन्ही वर्ग वरच भरवा."

सुतारमास्तर वर आले. लांब नाक, कानावर पेन्सिल, बोलताना टेबलावर टकटक करायची सवय. मुलं त्यांना सुतारपक्षी म्हणायची. आल्या आल्या त्यांनी खडूने वर्गाच्या मधोमध रेघ ओढली. "इकडे लाकूड, तिकडे कापड."

पण भुशाला रेघ कुठली कळायला? तो उन्हात तरंगत राहायचा, सोनेरी, सावकाश, आणि सगळ्यांच्या केसांवर उतरायचा. तास संपेपर्यंत वर्गातली तीस मुलं पिकल्या केसांची म्हातारी दिसायची. बाईंना वाटायचं, आपण झोपेतच आहोत, कुणी उठवू नये.

तिसऱ्या गुरुवारी मुलींतली चिमणी रेघेवर येऊन उभी राहिली. ही मुलगी वर्षभर एकच एप्रन शिवत होती आणि तो काही संपत नव्हता. "मास्तर, मी रंधा मारून बघू?"

मास्तरांनी मान हलवली. "तुझं काम नाही ते. वेणी अडकेल."

"बांधते की वर."

"हात कापेल."

"मुलांचे नाही कापत?"

"कापतात," मास्तर म्हणाले. टकटक थांबली. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "जाऊ द्या तिला. एप्रन काही पळून जात नाही."

चिमणी गेली. आणि तिकडून एक धिप्पाड मुलगा इकडे आला. त्याला सगळे पहिलवान म्हणायचे. तो चिंध्यांच्या टोपलीपाशी मांडी घालून बसला. म्हणाला, "बाई, मला याचे तुकडे जोडायचेत." त्याच्या जाडजूड बोटांतून असे बारीक, सारखे टाके उतरले की बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

आठवड्याभरात पहिलवानाचे वडील शाळेत हजर. "सुई धरायला मुलगा शाळेत नाही घातला मी!"

बाईंनी त्यांना खुर्ची दिली. "कोट छान बसलाय तुमचा. कुणी शिवला?"

"शिंप्याने," ते म्हणाले. मग त्यांना काय बोलून बसलो ते कळलं आणि ते आणखीनच तापले. पाय आपटत निघून गेले.

दोन गुरुवार पहिलवान आला नाही. बाईंचं कशात लक्ष लागेना. तिसऱ्या गुरुवारी तो दारात उभा, हातात कागदाचं पुडकं. आत वडिलांचे दोन लोकरी मोजे, टाचेला भोकं पडलेले, आणि चिठ्ठी. "आधी हे शिवायला सांगा. मग बघू." बाई इतक्या हसल्या की मास्तरही रेघ ओलांडून बघायला आले.

पाच महिन्यांनी तळघर कोरडं झालं. हेडमास्तर म्हणाले, "चला, आता सगळं पूर्ववत."

बाई त्यांच्यापुढे बसूनच राहिल्या. मग त्यांनी आयुष्यात कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली, दादाच्या आकृत्यांची. हेडमास्तरांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं.

"बरं, मग करायचं काय?"

"प्रत्येक मूल अर्धं वर्ष खाली, अर्धं वर्ष वर. मुलगी-मुलगा काही बघायचं नाही."

"पालक बोंब मारतील."

"मारतील. मोजेही पाठवतील."

हेडमास्तरांनी एका वर्षापुरती परवानगी दिली. पालकांनी बोंब मारली, काहींनी तर सह्यांचा अर्जच दिला. पण पुढच्या वर्षी वेळापत्रक छापायची वेळ आली तेव्हा जुनं परत आणा म्हणायला फक्त तिघे आले.

एक अट मात्र बाईंनी स्वतःसाठी घातली होती. मंगळवारी हस्तकलेचा सरावाचा तास असे, वरची मुलं आपापली शिवायची, तेव्हा त्या खाली जाऊन मुलांच्या रांगेत बसायच्या. पहिल्या खेपेला त्यांनी एक पेटी केली. झाकण कुठल्याच बाजूने बसेना.

सुतारमास्तरांनी ती उलटसुलट करून पाहिली. "बाई, काटकोन कुठे गेला?"

"होता की हो. मी जरा झरोक्यातून बाहेर बघत होते, तेवढ्यात निसटला."

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि नवी फळी आणायला गेले. वरून मशिनांचा आवाज येत होता, एका लयीत, दूरच्या पावसासारखा. शेजारच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "पहिली पेटी अशीच होते, बाई."