अम्मा माझ्याशी तमिळ का बोलतात

मनात ठेवून कुढत बसणं माझ्या स्वभावात नाही. मी साताऱ्याची. बोलून मोकळी होते आणि मग समोरचा कुढत बसतो. पण कुंभकोणमला आल्यावर पहिले आठ महिने मी मुकाट्यानं कुढले. कारण काय, तर सासूबाई, म्हणजे अम्मा, माझ्याशी तमिळमध्ये बोलायच्या.

आता तमिळनाडूत सासू तमिळ बोलली तर त्यात रडण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण हे घर मराठी. तंजावरच्या राजांच्या पदरी आलेली ही माणसं, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिली आणि मराठी घरात जपून ठेवली. त्यांचा एक न सांगितलेला नियम आहे. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. नवऱ्याचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. तिथं तो दिवसभर तमिळ बोलतो आणि घरात पाऊल टाकलं की चप्पल काढावी तशी ती भाषा बाहेर ठेवतो. अम्मा दूधवाल्याशी तमिळ बोलतात, भाजीवालीशी तमिळ बोलतात. लेकाशी मराठी, आडुतुरैला दिलेल्या लेकीशी फोनवर मराठी, देवाशीसुद्धा मराठी.

आणि माझ्याशी तमिळ! "वा मा. उट्कार मा." ये, बस. "साप्पिट्टिया?" जेवलीस का? सगळं गोड आवाजात, हातात गरम कॉफीचा पेला देत. मी मराठीत उत्तर द्यायची, त्यांना ते नीट कळायचं, आणि पुढचा प्रश्न पुन्हा तमिळमध्ये यायचा. सगळ्या घरात अस्सल मराठी मुलुखातून आलेली मी एकटी आणि मलाच ही वागणूक. मी नियम लावून बघितला. तमिळ म्हणजे उंबऱ्याबाहेरचं माणूस. म्हणजे मी भाजीवालीच्या रांगेत. हिशेब सरळ होता, पण मग माझ्या ताटात तुपाची धार सगळ्यात मोठी का पडते, मला शिंक आली तरी ह्या काढा का उकळतात, हे त्यात बसेना. डोकं चक्रावून गेलं होतं माझं.

त्यातून मी खोलीत शिरले की त्यांचं लेकीशी फोनवर चाललेलं मराठी तुटायचं. झालं! माझ्याबद्दलच चाललं असणार. मी पुण्याच्या ऑफिसचं काम घरूनच करते. कॉम्प्युटरसमोर बसून कान स्वयंपाकघराकडे लावायचे आणि शब्द पकडायचे. दोन वेळा ऑफिसच्या हिशेबपत्रकात चुका केल्या. साहेबांची बोलणी खाल्ली, ती वेगळीच.

शेवटी एका रविवारी दुपारी माझा बांध फुटला. नवरा पेपर वाचत होता. मी म्हटलं, "अरे, तुझ्या आईला मी भाजीवाली वाटते का? सरळ सांग, मी माझ्या आईकडे जाऊन राहते."

त्यानं पेपर खाली ठेवला. "अगं, ती तुला घाबरते."

"मला?" मी हसलेच. "काहीतरीच काय!"

त्यानं फोन काढला आणि घरच्या ग्रुपवरचा एक जुना व्हिडिओ लावून माझ्या हातात दिला.

तो मीच बहिणीला काढायला सांगितला होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, साताऱ्याला आमच्या दिवाणखान्यात. माझ्या मावश्या उभ्या होत्या आणि अम्मा त्यांना म्हणाल्या, "बैसा कीं! उभें कां?" आपण 'बसा' म्हणतो, त्यांच्याकडे जुनं 'बैसा' तसंच टिकलंय. मला ते इतकं आवडलं होतं! हा व्हिडिओ म्हणजे माझ्या मनातली एक गोड आठवण होती. सासूबाईंचं किती कौतुक केलं मी, असंच मी इतके दिवस धरून चालले होते.

व्हिडिओत माझाच आवाज येतो. "अम्मा, परत म्हणा ना!" त्या हसून परत म्हणतात. मावश्या खिदळतात. कुणीतरी म्हणतं, "अगं बाई, थेट शिवाजी महाराजांच्या काळातून आल्यात!" मी म्हणते, "अजून एकदा, अम्मा, प्लीज!" तिसऱ्या वेळी त्या म्हणतात, पण हसत नाहीत. त्या एकेका तोंडाकडे बघतायत, आपलं काय चुकलं ते शोधतायत. शेवटी बहीण कॅमेरा माझ्याकडे वळवते. मी ओढणीनं तोंड झाकलंय आणि माझे खांदे गदगदा हलतायत.

ही मी? मी तो तीनदा बघितला. माझ्या आठवणीत त्या खोलीत सगळे खूश होते.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. "अम्मा, चुकलं माझं. तुम्ही तुमचं मराठी बोला ना माझ्याशी. मला खरंच आवडतं."

त्यांनी माझा गाल थोपटला. "परवायिल्लै मा." जाऊ दे गं. तमिळमध्येच.

त्यानंतर दुपारी त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं आणि आतून मुंबईच्या कुठल्यातरी मराठी मालिकेचा आवाज यायचा. मला वाटलं, बरा विरंगुळा सापडला. मालिकेतली बाई एक वाक्य बोलायची आणि मागोमाग कुणीतरी हळू आवाजात तेच पुटपुटायचं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग एका सकाळी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. हातात कप. ह्या घरात कुणी चहा पीत नाही, कपसुद्धा नव्हता, तो दुकानातून मागवला असणार. त्या ताठ उभ्या राहिल्या आणि शाळेतली पोरं कविता म्हणतात तसं एका दमात म्हणाल्या, "मी तुझ्यासाठी गरमागरम चहा आणलाय. बस ना निवांत."

बस. बैस नाही.

मग त्यांनी हळूच विचारलं, "आता हसणार नाहीस ना?"

नाही हो अम्मा, नाही, असं म्हणायचं होतं. मला त्यांचं तेच मराठी हवं होतं आणि त्यांनी ते माझ्यासाठी पुसून टाकलं होतं. तोंडातून शब्द फुटेना, रडू मात्र फुटलं. रडताना माझं तोंड वाकडं होतं, हसल्यासारखं दिसतं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी घाईघाईनं ओढणीनं तोंड झाकलं. खांदे काही थांबेनात.

ओढणी बाजूला केली तेव्हा टेबलावर चहा होता आणि अम्मा खोलीत नव्हत्या.