माकडिणीची नजर

माझा मामा वस्तुसंग्रहालयात मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यांत भुसा भरतो. तीस वर्षांत त्याने बहुतेक उंदीरच भरले. अभ्यासकांसाठी जपून ठेवायचा उंदीर पालथा निजवतात. पंजे पुढे, शेपूट सरळ, डोळ्यांच्या जागी कापूस. कातडं फाटलं तर मामा हसायचा, “जाऊ दे, गोदामात याची भावंडं ढिगानं आहेत.”

मग माकडीण आली. प्राणिसंग्रहालयात म्हातारपणाने मेलेली. तिच्या जातीची चाळीसेक माकडं रानात उरली होती. वस्तुसंग्रहालयाच्या साहेबांना ती उंदराशेजारी काचेच्या पेटीत हवी होती. एक संपत आलेली जात, एक न संपणारी. तिला काचेचे डोळे बसवायचे होते, आणि मामाने आजवर कुणाला नजर दिलीच नव्हती. पापण्या एकदा सुकल्या की सुकल्या. दुसरं कातडं मिळणार नव्हतं.

त्याने डोळे ओल्या मातीत बसवले, थेट समोर बघणारे. पापण्या टाचण्यांनी धरून ठेवल्या. सकाळी बघतो तर नजर खाली, डावीकडे, जमिनीवर कुठेतरी.

“माती सरकते,” म्हणत त्याने डोळे सरळ केले. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्याही. खोलीची किल्ली त्याच्याच खिशात असायची.

मामी डबा घेऊन आली तेव्हा मामा माकडिणीचे डोळे न्याहाळत होता. ती दारातच थांबली. “माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलंत का?” ती म्हणाली. मग आवाज उतरला. “अहो, ही कुणाची तरी वाट बघतेय.”

पाचव्या दिवशी कातडं ताठरायला लागलं. डोळे फार तर एकदाच हलवता आले असते. मामाने तिला सांभाळणाऱ्या रखवालदाराला बोलावून घेतलं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

“समोर बघायची का हो ही?” मामाने विचारलं.

“छे! माणसांकडे ढुंकूनही बघायची नाही. जोडीदार गेला, मग अकरा वर्षं एकटी. पिंजऱ्यात डाव्या हाताला बीळ होतं. अर्धं फळ तिथे ठेवायची आणि बघत बसायची. अशीच.”

“कुणासाठी?”

“उंदरांसाठी. दुसरं कोण येणार तिच्याकडे?”

मामाने हातातला चिमटा खाली ठेवला.

“साहेबांना काय सांगशील?” रखवालदार गेल्यावर मी मामाला विचारलं.

“ही नजर मी दिलेली नाही म्हणून सांगेन. खरंच आहे ते.”

दोन दिवसांनी त्याने एकेक करून टाचण्या काढल्या. त्यानंतर ती नजर तसूभरही हलली नाही.