ळ नसलेले शब्द

माझी बायको गेल्या पौषात गेली. ती जिभेच्या कॅन्सरनं गेली असं गावात अजून बरेच जण धरून चालतात, म्हणून आधीच सांगतो की तसं नाही. एके दिवशी सकाळी अंगणात बसून ज्वारी पाखडताना तिच्या छातीत कळ आली आणि गाडी दारात यायच्या आत सगळं संपलं. जिभेचं ऑपरेशन त्याच्या काही वर्षं आधी झालं होतं. ते नीट झालं होतं आणि तो आजार पुन्हा आला नाही. पण तिची आठवण काढायला बसलो की मला सुरुवात त्या जिभेपासूनच करावी लागते.

तिची जीभ डाव्या कडेला दुखायला लागली तेव्हा आम्ही दोघांनी दोष दाढेला दिला. दाढेचा एक कोपरा झिजून धारदार झाला होता आणि जेवताना तो जिभेला लागायचा. परंड्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी तो कोपरा घासून दिला, लावायला औषध दिलं आणि मिसरी बंद करायला सांगितली. मिसरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. बेंबळीला माहेरी असल्यापासून ती दातांना लावत होती.

"दात हलत्यात म्हणून लावते," ती म्हणाली.

"दात हलतात ते मिसरीनंच, मावशी," डॉक्टर म्हणाले. "आणि जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर मला दाखवायची. घरी बसायचं नाही."

जखम भरली नाही. पांढुरका चट्टा होता त्याच्या मध्ये लाल खड्डा पडला आणि कडा टणक लागायला लागल्या. डॉक्टरांनी आम्हाला बार्शीला पाठवलं. तिथं चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला दिला आणि जे नको होतं तेच निघालं.

तिचा थोरला भाऊ बेंबळीहून आला. शेती करणारा, मोठ्या आवाजाचा माणूस. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो, म्हणून वयानं मोठा असूनही तो मला दाजी म्हणता म्हणता मधेच मास्तर म्हणायचा, तेही टोमणा मारायचा असला की.

"तुकडा काढू द्यायचाच न्हवता," तो बसल्या बसल्या म्हणाला. "लोखंड लागलं की ते चवताळतं. आमच्या शेजारच्याचं बघितलं न्हवं आमी? लोखंड लावलं आन् महिन्यात माणूस गेला."

"आण्णा, ते दवाखान्यात उशिरा गेले होते. गालातून आरपार झालं होतं."

"व्हय, पुस्तकात तसंच असंल."

आमच्या भागात ही समजूत पक्की आहे. लोक वेळेवर दवाखान्यात जात नाहीत, शेवटी जातात, ऑपरेशननंतर मरतात, आणि दोष लोखंडावर येतो. मी हे आण्णाला समजावून सांगत होतो आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "माझी जीभ हाय. तुमी दोघं कशाला भांडताय?"

बार्शीचे सर्जन तरुण होते. त्यांनी कागदावर जीभ काढली, कडेला एक ठिपका काढला आणि ठिपक्याभोवती मोठं वर्तुळ काढलं. दिसतं तेवढंच काढून चालत नाही, म्हणाले. सगळ्या बाजूंनी आणि खालूनही सेंटीमीटरभर चांगलं मांस बरोबर काढावं लागतं, कारण त्यात काय शिरलंय ते डोळ्यांना दिसत नाही. चट्टा लहान असल्यामुळं हे तोंडातूनच करता येईल, गाल किंवा जबडा उघडावा लागणार नाही. उरलेली जीभ टाके घालून जुळवता येईल. जास्त काढावं लागलं असतं तर मनगटावरची कातडी, तिच्या रक्तवाहिनीसकट, आणून जिभेला जोडली असती. तिची गरज बहुधा पडणार नाही. मी विजेच्या शेकाचं, म्हणजे रेडिएशनचं, विचारलं. ते म्हणाले, इतक्या लवकरच्या अवस्थेत जिभेला ऑपरेशनच बरं. शेक हातात राखून ठेवू, तपासणीत काही वाईट निघालं तर.

मग त्यांनी मानेचा विषय काढला.

जिभेचा कॅन्सर पसरला तर पहिल्यांदा मानेतल्या गाठींत, म्हणजे प्रत्येकाच्या मानेत असतात त्या बारीक ग्रंथींत, जातो. तिच्या मानेत हाताला काही लागत नव्हतं, स्कॅनमध्येही काही दिसत नव्हतं. तरी चट्टा आत जरा खोल गेलेला होता, आणि खोल गेलेला असला की गाठींत कॅन्सरचे दाणे लपलेले असण्याची शक्यता वाढते. म्हणून दोन रस्ते होते. एक, आता फक्त जीभ करायची आणि मानेवर लक्ष ठेवायचं, गाठ आलीच तर तेव्हा मान उघडायची. दुसरा, याच भुलीत मानेच्या वरच्या भागातल्या गाठी काढून तपासायला पाठवायच्या. त्यांचा स्वतःचा कल दुसऱ्याकडं होता.

"मानंत काही न्हाय म्हणता," ती म्हणाली, "आन् मान कापायची म्हणता."

"दिसत नाही म्हणतो मी. नाही असं म्हणत नाही."

मग तिला जे विचारायचं होतं ते विचारलं. "बोलता यील का?"

"येईल. पहिले काही आठवडे कुणाला समजणार नाही, मग सुधारेल. काही अक्षरं मात्र बदलतील. जीभ वळवून टाळूला लावावी लागते ती. कुठल्या गावच्या तुम्ही?"

"बेंबळी."

"हा तुमचा ळ. हा कदाचित जाईल."

ती हसली, पण बसमध्ये परंड्यापर्यंत खिडकीकडं तोंड करून ती ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. केळी, नळ, डाळ, बाभळ. मी ऐकत नसल्यासारखं केलं. माझी बायको बोलणारी बाई होती. बाजारात भाजीवालीशी, बसमध्ये शेजारणीशी, दारावरून जाणाऱ्या कुणाशीही. मी बोलत नसे. घरात बोलण्याचं खातं तिच्याकडं होतं आणि वाचण्याचं माझ्याकडं. ऑपरेशनची भीती तिला होतीच, पण मरणाची भीती ती बोलून दाखवायची. मुकं होण्याची भीती तिनं एकदाही बोलून दाखवली नाही. त्यावरून मला कळलं की ही भीती जास्त मोठी आहे.

मानेचा निर्णय तिनंच घेतला. आण्णा पुन्हा आला होता. "मास्तर, वाचून वाचून बहिणीची मान कापायला निघालात तुमी," तो म्हणाला. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आण्णा, भूल एकदाच घेणार मी. परत परत न्हाय. काय काढायचं ते एका फेरीत काढू द्या."

ऑपरेशन झालं. काही दिवस नाकातून नळी, मानेतून दुसरी नळी, तोंड सुजलेलं. मानेच्या गाठी तपासून आल्या, त्यात काही निघालं नाही. जिभेच्या तुकड्याच्या कडाही स्वच्छ होत्या. शेक लागणार नव्हता. आण्णा म्हणाला, "बघा, मान उगीच कापली." तिला तेव्हा बोलता येत नव्हतं. तिनं पाटीवर लिहिलं, "रिकामी निघाली म्हणून रडता का?" आण्णा वाचून हसला आणि मग वळून भिंतीकडं तोंड करून बसला.

मानेच्या ऑपरेशनमुळं डावा खांदा बरेच दिवस वर जाईना. ती भिंतीवर बोटं चालवत चालवत हात वर न्यायची, कालच्यापेक्षा बोटभर वर. कानाची पाळी आणि जबड्याखालची जागा बधिर राहिली ती कायमची. पण याची तिनं तक्रार केली नाही. तिचं लक्ष बोलण्याकडं होतं.

ळ गेला तो गेलाच. त्याच्या जागी य सारखं काहीतरी यायला लागलं. र जाड झाला, ट आणि ड ओले झाले. मी रोज समोर असल्यानं मला ते लवकर समजायला लागलं, इतकं लवकर की तिचं वाक्य पुरं होण्याआधी मी दुसऱ्यांना सांगून मोकळा व्हायचो. दुकानदाराला सांगायचो, शेजारणीला सांगायचो, आण्णाचा फोन आला की ती बोलायची आणि मी स्पीकरवर अर्थ सांगायचो. मला वाटायचं मी तिला मदत करतोय.

एकदा किराणा दुकानात तिनं गूळ मागितला आणि दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. मी तोंड उघडलं तशी ती माझ्यावर उखडली. "मी मेले का?" तिनं विचारलं. हे मात्र दुकानात सगळ्यांना नीट समजलं.

त्यानंतर तिनं आपली तऱ्हा काढली. ज्या शब्दात ळ आहे तो शब्दच टाकायचा. डाळ म्हणायच्या ऐवजी वरण. सकाळी नाही, दिवस उगवल्यावर. जवळ नाही, शेजारी. काळजी करू नका म्हणायचं असलं तर, घोर करू नका. मला आळशी म्हणायची तिची जुनी सवय होती, तिथं सुस्त आला. कंटाळा आला म्हणायची वेळ आली तर ती नुसता हात झटकायची. नळाला तिला शब्द सापडला नाही, म्हणून नुसतं "पाणी आलं" म्हणायची. मी जन्मभर पोरांना समानार्थी शब्द शिकवले. त्यांचा इतका उपयोग कुणी केलेला मी पाहिला नव्हता.

जिथं शब्द चुकवता यायचा नाही तिथं तिनं दुसरा मार्ग धरला. कुर्डुवाडीच्या बसमध्ये एका बाईनं तिला विचारलं, "तुमी वऱ्हाडच्या का वो?" तिकडं खेड्यापाड्यांत डोळ्याला डोया आणि काळ्याला काया म्हणतात, हे त्या बाईला माहीत असावं. माझी बायको म्हणाली, "व्हय." आणि उतरेपर्यंत तिनं त्या बाईला आपल्या वऱ्हाडातल्या माहेराबद्दल सांगितलं, कापसाबद्दल, उन्हाबद्दल, बहिणींबद्दल. ती वऱ्हाडात कधीही गेली नव्हती. मी पुढच्या सीटवर बसून ऐकत होतो. खाली उतरल्यावर म्हणाली, "ती म्हणली, गोड बोलता तुमी."

घरात मात्र ती शब्द चुकवत नसे. घरात ती जशी जीभ वळेल तसं बोलायची. दमून बोलायची, अर्धं बोलायची, आणि मला सगळं समजायचं.

ती गेल्यावर घर शांत झालं म्हणावं तर मी पहिल्यापासून शांतच माणूस. कपाटातली पुस्तकं काढतो, चार पानं वाचतो, ठेवतो. लोक भेटायला आले तेव्हा प्रत्येकानं तिच्या बोलण्याची आठवण काढली. पण ते आठवत होते ते ऑपरेशनआधीचं बोलणं, किंवा बाहेरचं, निवडून घेतलेल्या शब्दांचं. आण्णानं तिची नक्कल केली तीही लहानपणच्या आवाजाची. घरातलं ते बोलणं मी कुणाला करून दाखवू शकत नाही. एकदा आरशासमोर केलं. माझी जीभ धड आहे, मला ते जमलं नाही.

तिच्या तपासणीची पुढची तारीख ठरलेली होती. फोन करून कळवता आलं असतं. मी बसनं बार्शीला गेलो.

बाहेरच्या बाकावर मी बसलो होतो. औषधाच्या खिडकीपाशी एक बाई उभी होती, मानेवर नव्या टाक्यांची रेघ, पदर त्यावर ओढलेला. ती खिडकीतल्या मुलीला काहीतरी सांगत होती आणि मुलीला ते समजत नव्हतं. तिचं तोंड मला दिसत नव्हतं तरी शब्दन् शब्द समजला. तिला गोळ्या हव्या होत्या, पण मोठ्या नकोत, गिळता येत नाहीत, पातळ औषध असेल तर ते द्या. इतक्या महिन्यांत ते बोलणं मी ऐकलं नव्हतं.

मी उठलो आणि सांगून टाकलं. "गोळ्या गिळता येत नाहीत म्हणतायत. पातळ औषध मागतायत."

मुलगी आत गेली. बाईनं वळून माझ्याकडं बघितलं. बघणं फारसं आभाराचं नव्हतं. मला ते बघणं ओळखीचं होतं. मी म्हणालो, "चुकलं. तुम्हीच सांगत होता."

मग त्याच ओल्या, जाड बोलण्यात तिनं विचारलं, घरात कुणाचं झालंय का.

"बायकोचं झालं होतं," मी म्हणालो.

"बोलतात का आता?"

मी तिला काय सांगणार होतो? तिच्या टाक्यांची रेघ अजून लाल होती, आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती. "बोलायची," मी म्हणालो. "बसमध्ये, बाजारात, कुणाशीही. लोकांना समजायचं." मग मी खरं तेवढंच सांगितलं, की ती गेली, पण यानं गेली नाही.

बाई बाकावर येऊन बसली. ईट गावाकडची होती. तिची बस उशिरा होती. ती गावाबद्दल सांगू लागली, तुरीबद्दल, सुनेबद्दल, सून तिचं बोलणं ऐकून तोंडावर पदर घेऊन हसते त्याबद्दल. मधेच थांबून विचारायची, "समजतंय न्हवं?"

"समजतंय," मी म्हणायचो. आणि समजत होतं, सगळं. आवाज मात्र दुसऱ्याच कुणाचा होता.

आतून माझ्या बायकोचं नाव पुकारलं आणि मी तिकडं वळून बघितलं. बाई म्हणाली, "जावा, तुमचा नंबर." मी उठलो आणि आत गेलो.