खिळेवालीचा खोटा नवरा

आई सोलापुरात बिड्या वळायची. मांडीवर सूप, पाठ भिंतीला, आणि पानं कापायला आम्ही तिघं भावंडं. ठेकेदार रोज संध्याकाळी मूठ-मूठ बिड्या उचलून नापास करायचा. का, ते विचारायची सोय नव्हती. वडील यंत्रमागावर. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. तंबाखूच्या त्या वासात अभ्यास करून मी इंजिनिअर झालो. आमच्या घरातला कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी कुणापासून लपवत नाही. सासऱ्यांपासूनही लपवलं नाही, आणि तिथेच फसलो.

बायको इंग्रज. तिच्या माहेरचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. ते इतकं दुर्मीळ आहे की लिहिलं तर माणूस कोण ते लगेच कळेल. सासऱ्यांना त्याचा केवढा तोरा! त्यांच्या मते ते एका सरदाराबरोबर समुद्र ओलांडून आलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली की ते डायनिंग टेबल पुसून घेतात, वंशावळीचा तक्ता उलगडतात आणि वर्षभरातले जन्म-मृत्यू स्वतःच्या शाईपेनाने त्यावर चढवतात. वरच नियम लिहिलेला: मुलींची मुलं घेतली जाणार नाहीत. माझ्या बायकोच्या नावाखाली एक आडवी रेघ होती. म्हणजे इथे संपलं.

दोन नाताळांपूर्वी आमची आठ वर्षांची लेक टेबलावर ओणवी झाली. बोट फिरवत त्या रेघेपाशी थांबली आणि तिच्या मोडक्या मराठीत मला म्हणाली, "बाबा, माझा नाव कुठे आहे?"

मराठी येत नसूनही सासऱ्यांना प्रश्न कळला. "तू तुझ्या बाबाच्या तक्त्यावर," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "असेल ना तुमच्याकडे एखादा? की तोही बिडीसारखा वळून ओढून टाकलात?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तक्त्याचा फोटो मी मोबाइलवर घेऊनच निघालो. दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज तपासण्याचाच तर मला पगार मिळतो. मग आम्ही राहतो त्या कॉव्हेंट्रीहून शनिवारी ट्रेन पकडायची आणि जुन्या चर्चच्या नोंदी बघत बसायचं, असं जवळजवळ वर्षभर चाललं. सरदार कुठेच सापडला नाही. सापडले ते बर्मिंगहॅमच्या पलीकडच्या खेड्यांत घरामागच्या भट्टीवर खिळे घडवणारे कंगाल लोक. त्यातली एक बाई तक्त्यावर होती, शेजारी नवरा म्हणून त्याच आडनावाचा चुलतभाऊ. तो चुलतभाऊ दोन वर्षांचा असताना पुरल्याची नोंद माझ्या हाती लागली. बाईच्या मुलाच्या नामकरणाच्या नोंदीत फक्त आईचं नाव होतं. धंदा, खिळे घडवणे. बापाची जागा कोरी. आणि सासऱ्यांची अख्खी शाखा त्या मुलापासून आलेली.

आईला फोनवर सांगितलं. सरदार नाही म्हटल्यावर तिला काहीच वाटलं नाही. "घरीच बसून खिळे घडवायची होय रे ती बाई?" तिने विचारलं. "मग माल नापास कोण करायचं?"

"होता तिथेही एक ठेकेदार."

"असणारच मेला."

गेल्या नाताळात तक्ता उलगडला तशा मी दोन्ही नोंदींच्या प्रती त्यावर ठेवल्या. सासऱ्यांनी चष्मा काढला. "हे मला तुझ्या लग्नाच्या आधीपासून माहीत आहे."

"मग हा नवरा?"

"जागा रिकामी बरी दिसत नव्हती."

"तुमच्या नियमाने रेघ या खिळेवालीच्या नावाखाली पडायला हवी," मी म्हणालो. "म्हणजे तुम्ही गेलात. या टेबलावरचं कुणीच उरत नाही. खोडायला कुठून सुरुवात करू?"

"तिच्या पोराने निदान नाव तरी चालवलं!" ते ओरडले. "तुझ्या मुलीचं आडनाव तुझं आहे!"

"डॅड, त्याला ते नाव बाईनेच दिलं ना," बायको म्हणाली. "पेन इकडे द्या."

या वेळी कुणी हसलं नाही. सासरे माझ्याकडे वळले. "तुला माझा तक्ता नासवायचा होता."

"हो," मी म्हणालो.

पेन त्यांनी कुणाच्या हाती दिलं नाही. दात आवळून स्वतःच लिहिलं. तेव्हापासून ते माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत, आणि माझं त्यावाचून काही अडत नाही.

खोटा नवरा खोडला गेला आहे. बायकोच्या नावाखालची रेघ आता खाली उतरली आहे, आणि तिच्या टोकाला माझ्या मुलीचं नाव आहे, माझ्या आडनावासकट.