खारीक कुटल्याचा आवाज

थंडी पडली की आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर खजुराचा पूर येतो. रक्त वाढतं, हाडं बळकट होतात, पोट साफ राहतं, रात्री दुधात भिजवा आणि सकाळी फरक बघा. खाली कुणीतरी ‘आयुर्वेदात सांगितलंय’ असं लिहून हात जोडलेलं चित्र टाकतं. मी चुडाव्याकडच्या एका शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत हे मोठ्याने वाचून दाखवणाऱ्यांवर माझं डोकं उगाच फिरतं. त्या बिचाऱ्यांचं काही चुकत नाही. खजुराचे गुण खरेच आहेत. ते मी कसे शिकले, हे त्यांना माहीत नाही एवढंच.

माझं माहेर येलदरीच्या अलीकडचं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मी आले आणि मायने मला एसटीत घालून जिंतूरला एका म्हाताऱ्या वैद्यांकडे नेलं. तिला एकच विचारायचं होतं, खारीक द्यायची की नाही. मायच्या मते खारीक गरम, पोटात बाळ असताना नको. वैद्य हसले. म्हणाले, खजूर काय आणि वाळलेली खारीक काय, चवीला मधुर आणि गुणाने थंड. वात आणि पित्त दोन्ही शांत करते, थकलेल्या अंगाला बळ देते, गेलेलं रक्त भरून आणते. मात्र पचायला जड, त्यामुळे भूक चांगली असेल तरच, थोडी आणि तुपाबरोबर.

माय ऐकून घेत होती, पण पटलेलं काही तोंडावर दिसत नव्हतं.

“तुमचं पुस्तक थंड आसंल, डाक्टरसाब. आमची खारीक गरमच हाय,” ती म्हणाली. वैद्य इतके हसले की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले.

बाजारातून तिने पिशवीभर खारीक घेतली, निवडून निवडून, दुकानदार वैतागेपर्यंत. घरी आल्यावर एकेक फोडून बिया काढल्या आणि खारका पत्र्यावर उन्हात घातल्या. पण कुटल्या नाहीत. आमच्या गल्लीत बाळंतिणीची खारीक आधी कुटत नाहीत. बाळ रडलं की मग खलबत्ता बाहेर काढायचा. आमच्यात पाचवी पुजणं, सटवाईला मानणं आजोबांच्या वेळेलाच सुटलं, विहारातल्या वंदनेने बाळाचं नाव ठेवायचं एवढंच राहिलं. पण खारकेचा हा नियम काही सुटला नाही. समोरच्या मेंढरंवाल्यांच्या घरीही तोच. ज्या घरातून खारीक कुटल्याचा ठणठण आवाज येतो, तिथे पाळणा हलला असं गल्ली धरून चालते. निरोप धाडावा लागत नाही.

माझं पोट दिवस भरायच्या आधीच दुखायला लागलं. माय तेव्हा सोयाबीन काढायला दूरच्या रानात गेली होती. भावाने जीप बोलावली आणि मला परभणीला नेलं. मुलगी झाली. ती रडली नाही. डॉक्टरांनी तिला उलटं धरलं, पाठ चोळली, मग त्यांचे हात हळूहळू थांबले. नर्सबाईने फडक्यात गुंडाळून तिला माझ्याजवळ दिलं, थोडा वेळच. माझं रक्त फार जात होतं, म्हणून मला तिथून हलवलं. निरोप मिळून माय दवाखान्यात पोचली, तोवर माझा नवरा आणि भाऊ पोरीला मातीत ठेवून आले होते.

मायने तिला पाहिलंच नाही.

त्यानंतर जो तो मला गप्प करायला लागला. लहान आहेस, दुसरं होईल. मनाला लावून घेऊ नको. जे झालं ते झालं. ‘जे’ आणि ‘ते’ यांच्या पलीकडे कुणीच जाईना. ती आली होती, हे कुणाच्या बोलण्यात नव्हतं. माझं काहीतरी दुखणं झालं आणि निघून गेलं, असं सगळे वागत होते. मी माहेरी परतले तेव्हा सासूबाई भेटायला आल्या, आणि जाताना उंबऱ्यात मायला बजावून गेल्या, “खारीक-बिरीक दिऊ नका बरं. दूध उतरंल. अन् लेकरूच न्हाई तर बाळंतीण कशाची?”

त्या दुष्ट नाहीत. त्यांच्या दृष्टीने त्या माझ्या भल्याचंच सांगत होत्या. पण त्या एका वाक्याने मला जे झालं, ते अजून माझ्याच्याने नीट सांगवत नाही.

आणि दूध तर आलंच. खारीक न खाताच आलं. गोळ्या घेतल्या, छातीला कापड आवळून बांधलं, तरी चोळी भिजायची. मला स्वतःच्या अंगाचा राग यायचा. उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची, ओठ पांढरे पडले होते, आणि ताट पुढे आलं की मी ते सरकवून द्यायची. माय ताट उचलून न्यायची.

एक दिवस ती मला न सांगता जिंतूरला जाऊन आली. वैद्यांनी तिला सांगितलं, हळीव नको, मेथ्या नको, शतावरी तर नकोच. दूध आपोआप आटेल. पण पोरीचं रक्त गेलंय, वात वाढलाय, अंग रितं झालंय. तिला खारीक, खोबरं, डिंक, तूप हे मिळालंच पाहिजे. लाडू लहान करा, भूक लागेल तसा द्या. बाळंतपण झालेल्या बाईची झीज ही झीजच असते, बाळ राहो न राहो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खलबत्त्याच्या आवाजाने उठले.

माय अंगणात बसून खारीक कुटत होती. दार सताड उघडं. मी भिंतीला धरत बाहेर आले आणि ओरडलेच, “माय, काय करायलीस? गल्लीला ऐकू जायलंय सगळं!”

“जाऊ दी,” ती म्हणाली आणि कुटतच राहिली.

मी तिच्या हातातला बत्ता ओढायला वाकले, तेवढ्यात व्हायचं तेच झालं. समोरच्या मेंढरंवाल्यांची मावशी दारात उभी. मेंढरं घेऊन ते सगळे महिनाभर बाहेर होते, आदल्या संध्याकाळीच परतले होते, तिला कशाचाच पत्ता नव्हता. आवाज ऐकून ती तशीच आली होती. एका हातात शेळीच्या दुधाचा तांब्या, दुसऱ्या हातात हिरवं झबलं.

“खारीक कुटायलेत म्हन्ल्यावर आले पळत,” ती हसत म्हणाली. “काय झालं गं बाई, पोरगं का पोरगी?”

मला वाटलं, आता माय रडेल, नाहीतर जे झालं ते झालं म्हणेल. मी आत पळायला वळले. पण दाराची चौकट धरून थांबले.

मायने बत्ता खाली ठेवला. पदराने हात पुसले.

“पोरगी झाली,” ती म्हणाली. “राहिली न्हाई. पर झाली. माझी लेक बाळंतीण हाय.”

मावशीचं हसू विरलं. ती परत फिरली नाही. तांब्या कट्ट्यावर ठेवून ती मायशेजारी खाली बसली. झबलं मांडीवर तसंच राहिलं, ते लपवायचं तिला सुचलं नाही. मग माझ्याकडे बघून तिने अगदी साधेपणाने विचारलं, कुठल्याही बाळंतिणीला विचारावं तसं, “कोनावानी व्हती गं?”

तोवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही, आणि मायनेही नाही. मायची छातीच झाली नसेल.

मी दाराला टेकून खाली बसले. म्हणाले, “केस लय व्हते. काळेभोर, कानावर आलते. बोटं लांब. अन् नाक...”

मी मायकडे बघितलं. मावशी थांबून राहिली.

“नाक मायवानी व्हतं. पसरट.”

मायचा हात आपसूक स्वतःच्या नाकाकडे गेला. तिथेच राहिला. त्या दिवसापासून एकदाही न रडलेली माझी माय मग अशी रडली की गल्लीतल्या बाया दारात गोळा झाल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी कुणी आडपडदा ठेवून बोललं नाही. एकीने बत्ता उचलला आणि उरलेली खारीक ती कुटू लागली.

दुपारी मायने लाडू वळले. पहिला माझ्या हातावर ठेवला आणि माझ्यासमोर बसून राहिली.

“खा,” ती म्हणाली. “तिची माय हायस तू.”

मी खाल्ला.