पार्वतीबाईंची बया

पार्वतीबाई घाबरल्या की "बया, बया" म्हणायच्या आणि आम्ही कारखान्यातल्या बायका पोट धरून हसायचो. परदेशातून आलेली बाई, पंधरा दिवस झाले नाहीत तोवर आमच्यासारखं "बया" म्हणायला शिकली, याचं आम्हाला कोण कौतुक! मशीनचा पट्टा तुटला, बया. मालकाची गाडी गेटात शिरली, बया. फोन वाजला तर हातातली टेपच खाली पडायची. भित्र्या माणसांत माझाही नंबर वरचाच आहे, पण इतकं घाबरून इतकं चोख काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्यांनी कापलेल्या कॉलरमध्ये मला, म्हणजे चेकिंगच्या बाईला, कधी दोऱ्याएवढी चूक सापडली नाही.

त्या श्रीलंकेच्या. तिकडे देशाचाच पैसा बुडाला, गॅस नाही, पेट्रोल नाही, त्यांचा कारखाना बंद पडला. म्हणून आमच्या अंधेरीच्या एक्स्पोर्टच्या युनिटमध्ये वर्षाच्या करारावर शर्टांचे नमुने कापणारी पॅटर्न मास्टर म्हणून आल्या. खरं नाव एवढं लांब की आमच्या तोंडात मावेना. गळा, कान, हात, सगळं मोकळं. शिलाई लाइनवरची सुरेखा पहिल्याच दिवशी म्हणाली, "बघ गं, खरीखुरी लंकेची पार्वती!" झालं, नाव चिकटलं. देवीचं नाव म्हणून त्यांनाही आवडलं. त्याचा अर्थ कुणी त्यांना सांगितला नाही, आणि दागिने कुठे गेले हेही कुणी विचारलं नाही.

त्यांना राहायला खोली हवी होती आणि भांडुपला आमच्या घराचा माळा रिकामा होता. परदेशी माणूस ठेवायचं म्हणजे पोलिसांत कागद द्या, पासपोर्ट दाखवा. पण त्या दारातून आत आल्या, भिंतीवरचा बुद्धांचा फोटो पाहिला आणि पिशवीसकट गुडघ्यांवर बसल्या. संध्याकाळी आई वंदना म्हणायला बसली तर मागून पार्वतीबाईंचाही आवाज. "बुद्धं सरणं गच्छामि." चाल वेगळी, शब्द तेच. वंदना संपली की आई मराठीत बोलायची, त्या सिंहलीत, आणि मध्ये मोडकं हिंदी. दोघींचं छान चालायचं.

रांग दिसली की पार्वतीबाई तिच्यात उभ्या राहायच्या, कसली ते न विचारता. "पहिले उभा राहा," त्या म्हणायच्या, "मग विचार. नाही तर संपला." एका रविवारी माझ्याबरोबर बाजारात निघालेल्या असताना स्टेशन रोडवर अशाच उभ्या राहिल्या. नंबर आला तेव्हा कळलं, पोलिओच्या डोसाची रांग होती. नर्सने विचारलं, "ताई, बाळ कुठंय तुमचं?" मी हसत पुढे झाले, तर ह्या भर रस्त्यात रडायला लागल्या.

"बाळ घरी," म्हणाल्या. "नऊ वर्ष. इन्सुलिन."

मुलाला लहानपणापासूनचा डायबेटिस. रोज सुई टोचली नाही तर जगणार नाही असा. तिकडच्या दुकानांत इन्सुलिन मिळेनासं झालं होतं. दागिने त्यातच गेले होते. आता त्या भांडुपच्या मेडिकलमधून ते घ्यायच्या आणि कोलंबोला ये-जा करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर थर्मासमधून पाठवायच्या. तरी पुरायचं नाही. औषध थोडं, म्हणून तिकडे आजी त्याला जेवणही थोडं द्यायची, भात तर बंदच. तेव्हापासून पार्वतीबाईंनीही आमच्याकडे भात सोडला. आई चिडायची, "अगं, तू उपाशी राहून त्याची साखर उतरणारे का?" त्या तरी पोळीच घ्यायच्या.

चार महिने असे गेले. मग एका दुपारी चेकिंगच्या टेबलाशी त्यांचा फोन वाजला. काय झालं ते आम्हाला मागाहून कळलं: तो ओळखीचा माणूस आता जाणार नव्हता. कुरिअरवाले थंड औषध घेईनात. घरी एकच बाटली उरली होती, आणि तिकडे दिवसाचे बारा-बारा तास लाइट नाही, म्हणजे तीही चांगली की खराब, देव जाणे. फोन ठेवून त्या उभ्याच राहिल्या. "बया, बया, बया."

"अगं बया!" सुरेखाने नक्कल केली. सगळी लाइन हसली. मीही हसले.

पार्वतीबाईंनी सुरेखाचं मनगट धरलं. "बया नाही," म्हणाल्या. "बययि. मट बययि." दुसरा हात छातीवर. शब्द शोधत होत्या. "मला... भय. भय."

एकेक मशीन थांबत गेलं. इतके महिने ही बाई आम्हाला रोज सांगत होती की मला भीती वाटते, आणि आम्ही दात काढत होतो. मला माझीच लाज वाटली.

मालकाने स्पष्ट सांगितलं, करार मोडून गेलात तर व्हिसाही संपला, परत घेणार नाही. न जावं तर मुलगा हातचा जाणार, जावं तर पुढचं इन्सुलिन ज्यातून यायचं ती नोकरी. "जाऊ?" त्यांनी मला विचारलं. मला कसं कळणार? "जा," मी म्हणाले.

डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, मिळाल्या तेवढ्या बाटल्या घेतल्या. नुसता बर्फ लागला तर औषध वाया जातं, म्हणून आईने मध्ये टॉवेल गुंडाळला. रिक्षात थर्मास त्यांच्या मांडीवर, वर त्यांचे दोन्ही हात आणि त्यावर माझा एक. एअरपोर्टच्या गेटाशी त्यांनी विचारलं, "आत काढून घेतील?" मी म्हटलं, "छे, कशाला घेतील!" मला काहीही माहीत नव्हतं. मी आयुष्यात विमानतळाच्या आत गेले नव्हते. त्या काचेपलीकडे दिसेनाशा झाल्या तरी मी तिथेच उभी होते.

दोन दिवस फोन बंद. घरी आई वंदना दोनदा म्हणायची, कारखान्यात कुणी मोठ्याने बोलेना. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या फोनवर त्यांचा आवाजाचा मेसेज आला. पार्वतीबाई त्यात बोलतच नव्हत्या. ताटाचा आवाज होता आणि एक पोरगा हट्टाने, जवळजवळ रागावून, तेच तेच म्हणत होता, "तव बत्. तव बत्."

त्यांची भाषा आमच्यात कुणालाच येत नव्हती. सुरेखाने फोन कानाशी धरला, पुन्हा लावला, पुन्हा ऐकला.

"बत्... भात! भात मागतोय गं," ती म्हणाली, आणि शर्टांच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून रडायला लागली.